मागेल तेव्हा हवा

धरणात किंवा विहिरीत कोणी बुडाले की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक वाक्य हमखास येते : ‘पाठीवर ऑक्सिजनची नळकांडी बांधून पाणबुडे पाण्यात उतरले.’ बीड जिल्ह्याला समुद्र नाही. पण माजलगाव आणि मांजरा ही दोन मोठी धरणे आहेत, साठवण तलाव आहेत आणि विहिरींची तर गणतीच नाही. त्यामुळे हे वाक्य आपल्या ओळखीचे आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये माजलगाव धरणात बुडालेल्या एका व्यक्तीचा शोध घेताना शोधपथकातील एका जवानालाच प्राण गमवावे लागले. तेव्हा हा विषय केवळ कुतूहलाचा नाही.

वरच्या वाक्यात एक चूक आहे आणि एक उणीव आहे. चूक अशी की, त्या नळकांड्यात ऑक्सिजन नसतो. आपण आत्ता श्वासाबरोबर घेत आहोत तीच साधी हवा तिथे दाबून भरलेली असते. उणीव अशी की, पाणबुड्याला जिवंत ठेवणारी खरी वस्तू नळकांडे नव्हेच. नळकांडे ही नुसती साठवण. तिच्यातली हवा श्वासाला योग्य करून देणारी मुठीएवढी झडप तोंडाशी असते, जुन्या उपकरणांत ती मानेमागे असे. तिचा बातमीत उल्लेखही नसतो. तिला रेग्युलेटर म्हणतात.

असे जुने रेग्युलेटर अधूनमधून हाती लागतात. मुंबईला दारूखान्यात मोडीत काढलेल्या जहाजांचे सामान सुटे विकले जात आले आहे. पाणबुडे आपली साधने बदलतात, तेव्हा जुनी साधने भंगारात नाही तर एखाद्या हौशी माणसाच्या घरी जातात. अशी वस्तू शाळेच्या प्रयोगशाळेत आली तर ती कोणत्या काळची, ती कशी चालते, आणि मुख्य म्हणजे तिच्यावर विश्वास टाकावा का, हे ठरवता आले पाहिजे. त्यासाठी तिचा इतिहास माहीत असावा लागतो, कारण या यंत्राचा प्रत्येक भाग कोणाच्या तरी अडचणीचे उत्तर म्हणून आलेला आहे.

विहिरीतला पंप आणि माणसाची छाती

जुन्या खोल विहिरींत पंप काठावर न बसवता आत उतरून टप्प्यावर बसवलेला असतो. का? काठावर बसवला तर तो पाणी ओढतच नाही. हवेचा दाब पाण्याचा फार तर १०.३ मीटर उंचीचा स्तंभ तोलू शकतो. प्रत्यक्षात गळती, घर्षण धरून सहा-सात मीटरच्या पुढे पंप दमतो. (पाइपाच्या तळाशी बसवलेल्या फूट व्हॉल्व्हला आपल्याकडे अनेक जण सरळ ‘फुटबॉल’ म्हणतात. तो व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटरमधली झडप ही चुलत भावंडे आहेत.)

आता हाच हिशेब माणसाला लावू. पोकळ वेळूची नळी तोंडात धरून तळ्याच्या तळाशी लपून बसलेला वीर आपण गोष्टींत वाचतो. एक मीटर खोलीवर पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १०० ग्रॅम वाढतो. छातीचा पुढचा भाग १००० चौ. सेंमी. धरला तर तिच्यावर १०० किलोचा जादा भार येतो. नळीतून येणारी हवा मात्र काठावरच्याच दाबाची असते. म्हणजे गोण्यांखाली दबलेल्या माणसाने छाती फुगवायची आणि हवा ओढायची! दोन-चार श्वास जमतील, पुढे नाही. तो वीर जर खरोखर नळीने श्वास घेत असेल तर त्याचे डोके पाण्याखाली वीतभरच असले पाहिजे.

यावर उपाय एकच. फुफ्फुसात जाणारी हवा भोवतीच्या पाण्याइतक्याच दाबाची असली पाहिजे. दहा मीटरवर वातावरणाच्या दुप्पट, पंधरा मीटर खोल विहिरीच्या तळाशी अडीचपट. कमी असेल तर श्वास ओढवत नाही. जास्त असेल तर हवा वाया जाते, आणि फारच जास्त असेल तर फुफ्फुसाला इजा होते. पुन्हा खोली बदलते, श्वास दर क्षणी सुरू होतो आणि थांबतो, आणि टाकीतला दाब २०० वातावरणांवरून सारखा उतरत असतो. बदलणाऱ्या या तीन गोष्टींना एका झडपेने सांभाळायचे, असा हा प्रश्न आहे.

ऑक्सिजन का नाही, हेही इथेच सांगून टाकतो. दाबाखालचा शुद्ध ऑक्सिजन विषारी असतो, हे फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर याने १८७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले होते. ज्याचे नाव पुढे या लेखात येणार आहे त्या कुस्तोने तरुणपणी ऑक्सिजनचे उपकरण लावून बुडी मारली आणि त्याला पाण्यातच झटके आले. दुसऱ्या महायुद्धात जे. बी. एस. हाल्डेन यांनी दाबाच्या कोठीत बसून हे झटके स्वतःवर अनुभवले. त्यात त्यांच्या मणक्याला इजा झाली. हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात स्थायिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. आज शुद्ध ऑक्सिजन पाण्याखाली साधारण सहा मीटरच्या पलीकडे वापरत नाहीत. बातमीतले ते वाक्य खरे असते तर खोल विहिरीत उतरलेल्या पाणबुड्यालाच काढायला दुसरा पाठवावा लागला असता.

खाणीतून पाण्यात

या झडपेचा जन्म समुद्रात झाला नाही, खाणीत झाला. फ्रान्सच्या दक्षिण भागातील दकाझव्हिल येथे बन्वा रुकेरोल हा खाण-अभियंता होता. बुजत आलेल्या जुन्या विहिरीत गाळ काढायला उतरलेला माणूस गुदमरतो, त्याला काढायला गेलेला दुसराही तिथेच कोसळतो, अशा घटना आपल्याकडे दर उन्हाळ्यात घडतात. खाणीत हीच आपत्ती मोठ्या प्रमाणावर येई. विषारी हवेत उतरणाऱ्या माणसाला चांगली हवा बरोबर देता यावी, म्हणून रुकेरोलने दाबलेल्या वायूचा प्रवाह नियंत्रित करणारी झडप तयार केली आणि १८६० मध्ये तिचे पेटंट घेतले. पुढे १८६४ मध्ये नौदलातील अधिकारी ओग्युस्त दनेरूझ त्याच्याबरोबर आला आणि दोघांनी ती पाण्यासाठी वापरली.

तिची युक्ती इतकी साधी आहे की ती फळ्यावर चार रेघांत काढता येते. एक डबी. तिचे एक तोंड रबरी पडद्याने बंद केलेले. पडद्याच्या बाहेर पाणी, आत श्वासाची हवा. पडद्याच्या मध्याला दांडी जोडलेली, दांडीच्या टोकाला टाकीची झडप. पाणबुड्याने श्वास ओढला की डबीतला दाब किंचित घटतो, बाहेरचे पाणी पडद्याला आत ढकलते, दांडी झडप उघडते, हवा येते. श्वास थांबला की डबीतला दाब पाण्याच्या दाबाइतका होतो, पडदा सरळ होतो, झडप मिटते. खोली किती आहे हे मोजायला वेगळे काही लागत नाही. पाणीच पडद्याला ते सांगते. माझ्या मते एकोणिसाव्या शतकातल्या सर्वांत नेमक्या शोधांपैकी हा एक आहे, आणि त्याला मिळायला हवी तेवढी प्रसिद्धी कधी मिळाली नाही.

थोडीफार मिळाली ती कादंबरीमुळे. ज्यूल व्हर्नच्या पाणबुडीच्या कादंबरीत कॅप्टन नेमो या दोघांचे नाव घेऊन त्यांच्या उपकरणाचे वर्णन करतो. (हा नेमो मूळचा बुंदेलखंडाचा राजपुत्र, हे व्हर्नने पुढच्या एका कादंबरीत उघड केले.) नेमोची माणसे समुद्रतळावर मैलोनमैल हिंडतात. प्रत्यक्षात त्या काळच्या लोखंडी टाकीत ३०-४० वातावरणांपलीकडे दाब भरता येत नव्हता, त्यामुळे पाठीवरची हवा काही मिनिटांतच संपे. बहुतेक वेळा पाणबुड्याला वरून पंपाची नळी जोडलेलीच ठेवावी लागे. झडप तयार होती, पण टाकी आणि कॉम्प्रेसर तयार नव्हते. झडप मागे पडली आणि तांब्याचे शिरस्त्राण घालणारा, नळीने बांधलेला पाणबुड्याच पुढे अनेक दशके बंदरांत काम करत राहिला.

विसाव्या शतकात चांगल्या पोलादाच्या टाक्या आल्या. फ्रान्समध्येच इव्ह ल प्रिएर याने पाठीवर टाकी दिली, पण तिची हवा हाताने कमीजास्त करावी लागे आणि सतत वाहत राही. जॉर्ज कोमेन याने स्वयंचलित झडप केली आणि १९४३ मध्ये मार्सेलजवळ पन्नास मीटरहून खोल बुडी मारली. पुढच्याच वर्षी तो युद्धात मारला गेला आणि त्याचे काम तिथेच राहिले.

स्वयंपाकघरातला रेग्युलेटर

डिसेंबर १९४२. फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात, पेट्रोल मिळेनासे झालेले. एर लिकीद या कंपनीतील अभियंता एमिल गान्यां याने मोटारीचे इंजिन गॅसवर चालावे म्हणून एक झडप केली होती. इंजिन जेवढा गॅस ओढील तेवढाच सोडायचा. नौदलातील अधिकारी झाक-इव्ह कुस्तो त्याच्याकडे पाण्याखालच्या श्वासाचा प्रश्न घेऊन आला. गान्यांने ती मोटारीची झडप त्याच्यापुढे ठेवली. खाणीसाठी झाले तेच पुन्हा झाले : गरज एकीकडची, उत्तर भलत्याच ठिकाणी तयार.

वर्गात हे समजावून द्यायला आपल्या घरचा गॅसचा रेग्युलेटर पुरेसा आहे. सिलिंडरमध्ये दाब हवामानानुसार दर चौ. सेंमी.ला पाच-सात किलो असतो. शेगडीला मात्र बाहेरच्या हवेपेक्षा फक्त सुमारे ३० ग्रॅम जास्त दाब लागतो, म्हणजे पाण्याच्या ३० सेंमी. स्तंभाइतका. रेग्युलेटरच्या आत पडदा, तरफ, झडप आणि एक स्प्रिंग असते. पडद्याच्या वरच्या अंगाला बाहेरची हवा लागावी म्हणून झाकणावर बारीक छिद्र ठेवलेले असते. आता कल्पना करा, की हा रेग्युलेटर पाण्यात दहा मीटरवर नेला. छिद्रातून पाणी पडद्यावर दाब देईल आणि गॅस बाहेर येईल तो त्या पाण्यापेक्षा ३० ग्रॅम जास्त दाबाने. स्प्रिंगचा जोर जवळजवळ काढून टाकला की झाली पाणबुड्याची झडप. (हे कल्पनेतच करायचे. घरचा रेग्युलेटर कोणी उघडू नये, विद्यार्थ्यांना उघडू देऊ नये.)

पहिली चाचणी १९४३ च्या सुरुवातीला मार्न नदीत झाली आणि ती फसली. कुस्तो आडवा असला की सगळे ठीक. उभा राहिला की हवा भसाभस वाहून जाई. डोके खाली केले की श्वास मिळेना. कारण शोधण्यासारखे आहे आणि नववीच्या वर्गाला प्रश्न म्हणून द्यावे असे आहे. उच्छ्वास बाहेर सोडणारी झडप पडद्यापासून काही इंच दूर होती. माणूस उभा राहिला की ती पडद्याच्या वर जाई. पडद्याशी पाण्याचा दाब जास्त, उच्छ्वासाच्या तोंडाशी कमी. दोहोंतील फरक दहा-पंधरा सेंटिमीटर पाण्याचा, पण तेवढ्यावर हवा आपोआप वाहू लागे. माणूस उलटा झाला की हेच उलटे. उपाय : उच्छ्वासाची झडप दुसऱ्या नळीने मागे आणून पडद्याच्या अगदी शेजारी बसवायची. मग माणूस कसाही वळो, दोन्ही एकाच पातळीवर. जुन्या चित्रांत पाणबुड्याच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंनी मागे जाणाऱ्या ज्या दोन घड्याघड्यांच्या नळ्या दिसतात, त्यांचे कारण हे. एक श्वासाची, दुसरी केवळ उच्छ्वास मागे नेण्याची.

एर लिकीदच्या ‘ला स्पिरोतेक्निक’ या उपकंपनीने १९४६ पासून हे उपकरण विकायला काढले. अमेरिकेत त्याला ‘अॅक्वालंग’ हे नाव मिळाले.

त्याचे पेटंट असल्यामुळे इतरांना पडद्याजवळ उच्छ्वासाची झडप बसवून दोन नळ्यांचा रेग्युलेटर करता येईना. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या टेड एल्ड्रेडने वेगळीच वाट काढली. पडदा मागे ठेवून उच्छ्वास तिकडे नेण्याऐवजी त्याने पडदाच तोंडाशी आणला! टाकीवर एक डबी, जी २०० चा दाब उतरवून पाण्यापेक्षा आठ-दहा किलो जास्त एवढाच ठेवते. तिथून एक बारीक रबरी नळी. तोंडाशी दुसरी छोटी डबी, तीत पडदा आणि त्याला लागूनच उच्छ्वासाची झडप. १९५२ मध्ये ‘पॉरपॉइज’ या नावाने तो बाजारात आला. कुस्तोची मूळ अट, म्हणजे पडदा आणि उच्छ्वास एका पातळीवर, इथे आपोआप पाळली जाते. आज जगभर जे रेग्युलेटर वापरतात ते याच घडणीचे आहेत. एल्ड्रेडची कंपनी १९६० मध्ये फ्रेंच कंपनीने विकत घेतली आणि त्याचे नाव बाहेर फारसे कोणाला ठाऊक राहिले नाही.

या झडपेने अभ्यासाची पद्धतही बदलली, हे थोडक्यात नोंदवतो. शिरस्त्राणाच्या काळात विद्वान होडीत बसे आणि पाणबुड्या खाली काय दिसले ते वर येऊन सांगे. रेग्युलेटरमुळे अभ्यासक स्वतः खाली जाऊ लागला. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांनी एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली १९८३ पासून द्वारकेच्या समुद्रात जे काम केले, ते असे स्वतः बुड्या मारून केलेले काम होते. पुढे विजयदुर्गाजवळची पाण्याखालची भिंतही याच पद्धतीने पाहिली गेली.

हातात आला तर ओळखायचा कसा?

पहिला प्रश्न : नळ्या किती? दोन जाड, घड्यांच्या नळ्या आणि मध्ये तोंडात धरायची मुखनळी असेल तर तो १९४५ ते साधारण १९७० या काळातल्या घडणीचा. त्याची डबी तबकासारखी गोल असते. एका बाजूला छिद्रे, तिकडून पाणी पडद्यापर्यंत जाते. दुसऱ्या बाजूला कंपनीची पाटी. ‘ला स्पिरोतेक्निक’, अमेरिकेची ‘यू. एस. डायव्हर्स’, इंग्लंडची ‘सीब गॉर्मन’ ही नेहमीची नावे. रशियन अक्षरे असतील तर सोव्हिएत बनावट. पाटीवर मॉडेलचे नाव आणि क्रमांक असतो, पण तेवढ्यावर निर्णय देऊ नये. दुरुस्तीच्या वेळी एकाची डबी दुसऱ्याला बसवणे सर्रास चाले. पाटी हा साक्षीदार समजावा, न्यायाधीश नव्हे.

डबी उघडल्यावर दुसरा प्रश्न : दाब एका पायरीत उतरतो की दोन? १९५५ च्या सुमारास आलेल्या ‘मिस्ट्राल’मध्ये एकच पायरी आहे. टाकीचा सगळा दाब एकाच झडपेवर, ती उघडायला लांब हाताची तरफ, आणि हवेचा झोत थेट श्वासाच्या नळीत सोडलेला. झोताबरोबर आसपासची हवाही ओढली जाते आणि पडदा आत राहायला मदत होते, त्यामुळे श्वास हलका वाटतो. भाग कमी, दुरुस्ती सोपी. ‘अॅक्वामास्टर’ (१९५८) याच्या डबीत दोन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीची स्प्रिंग जाड आणि ताठ असते, ती दिसली की ओळख पटली. उच्छ्वासाची झडप बदकाच्या चोचीसारखी, चपट्या रबराची, पडद्याजवळ असते. ती तिथे का आहे हे मार्न नदीची गोष्ट सांगून विद्यार्थ्यांना विचारावे.

एकाच बारीक नळीचा रेग्युलेटर असेल तर टाकीवर बसणाऱ्या डबीची भोके मोजावीत. एकच भोक, तेही तोंडाच्या नळीसाठी? मग तो बराच जुना. त्याला टाकीतला दाब दाखवणारे घड्याळ जोडायची सोयच नाही. त्या काळात पाणबुड्याला हवा किती उरली हे कळत नसे. टाकीच्या तोटीत एक स्प्रिंगची झडप असे. दाब उतरत आला की श्वास जड होई. मग पाठीमागची तार ओढायची, राखीव हवा सुटे, आणि वर निघायचे. तार आधीच कुठे अडकून ओढली गेली असेल तर राखीव हवा केव्हाच वापरली गेलेली. या एका उणिवेने किती बळी घेतले असतील याचा विचार केला की भोके मोजणे हे नुसते संग्राहकाचे वेड वाटत नाही.

तिसरी गोष्ट बाहेरून दिसत नाही, पण तीच सर्वांत महत्त्वाची. तोंडाशी असलेल्या डबीतली झडप हवेच्या प्रवाहाविरुद्ध उघडते की प्रवाहाच्या दिशेने? दोन दारे डोळ्यांसमोर आणा, बाहेर वारा सुटलेला आहे. एक दार वाऱ्यानेच घट्ट मिटते, दुसरे वाऱ्याने उघडते. जुन्या काही रेग्युलेटरांत पहिल्या प्रकारची झडप होती. पहिल्या पायरीत बिघाड होऊन नळीतला दाब वाढला की ती अधिकच घट्ट मिटे, आणि दाब सोडायची वेगळी सोय नसेल तर नळी फुटे. दुसऱ्या प्रकारची झडप अशा वेळी आपोआप उघडते. हवा फसफसत वाया जाते, पण पाणबुड्याला श्वास मिळत राहतो. यंत्र बिघडणारच, बिघडल्यावर ते माणसाच्या बाजूने बिघडावे, ही बुद्धी या दुसऱ्या झडपेत आहे. म्हणून तीच टिकली.

उघडणे, धुणे, पारखणे

प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्यावा आणि काढलेले भाग त्याच क्रमाने कापडावर मांडावेत. पितळेवर क्रोमचा मुलामा असतो. उघड्या पकडीने धरला की तो खरवडला जातो, म्हणून पकडीखाली चामडे किंवा जुन्या ट्यूबचा तुकडा घ्यावा.

समुद्रात वापरलेल्या रेग्युलेटरमध्ये हिरवा कळंक असतो, तो तांब्याच्या क्षारांचा. आपल्या विहिरींच्या जड पाण्यात वापरलेला असेल तर पांढरी खर जमलेली असते, ती मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटची. दोन्हींना पातळ केलेले व्हिनेगर चालते. खर बुडबुडे सोडत विरघळते, हा प्रयोग तर आपण वर्गात करतोच. मात्र काही मिनिटांतच बाहेर काढून भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावे. भाग आम्लात जास्त वेळ राहिले तर मुलामा आणि पितळ दोन्ही खराब होतात. पितळेवर गुलाबी डाग दिसले तर समजावे की जस्त निघून गेले आहे आणि मागे सच्छिद्र, ठिसूळ तांबे उरले आहे. असा भाग दाबाखाली वापरायचा नाही.

रबर सगळे टाकायचे. पडदा, चोच, वॉशर, ओ-रिंगा, नळ्या, काहीही. नळी वाकवून घडीत पाहिले तर चिरा दिसतात. दिसल्या नाहीत तरीही टाकायची. काही हौशी कारागीर जुन्या मॉडेलांसाठी सिलिकोनचे पडदे आणि चोची नव्याने बनवतात. झडप ज्यावर टेकते ती पितळी कड दहापट भिंगाखाली, म्हणजे आपल्या जीवशास्त्राच्या पेटीतल्या भिंगाखाली, पाहावी. तिच्यावर ओरखडा असेल तर बाकीचे कितीही चकचकीत असो, झडप गळणार. ओ-रिंगांना सिलिकोन ग्रीस लावतात, तेही अगदी नाममात्र. सायकलचे तेल, व्हॅसलीन, खोबरेल यांपैकी काहीही नाही. खनिज तेलाने रबर फुगते, आणि ऑक्सिजन दाबाखाली आला की तेलकट पदार्थ पेट घेतो.

टाकीविषयी दोन शब्द. जुनी टाकी शाळेत आणूच नये. ओलसर राहिलेली पोलादी टाकी आतून गंजते आणि गंजताना आतल्या हवेतला ऑक्सिजन खाऊन टाकते. अशा टाकीत हवा भरपूर असूनही माणूस बेशुद्ध पडल्याची उदाहरणे आहेत. दाबाच्या टाक्यांची ठरावीक मुदतीने पाण्याच्या दाबाखाली चाचणी व्हावी लागते. आपल्या देशात यावर नियंत्रण ठेवणाऱ्या स्फोटके विभागाचे मुख्यालय नागपुरात आहे. शिवाय १९६० च्या आसपासचे अमेरिकन रेग्युलेटर सुमारे १५० वातावरणांच्या टाक्यांसाठी केलेले होते. आजच्या टाक्या २०० आणि त्याहून अधिक दाबाच्या असतात. जुनी पकड नव्या टाकीवर बसते, म्हणून ती तो दाब सोसेल असे नाही.

तज्ज्ञ दुरुस्तीकार पहिल्या पायरीला दाबमापक जोडून काटा पाहतो. काटा ठरलेल्या आकड्यावर येऊन खिळला पाहिजे. तो हळूहळू वर सरकत राहिला तर झडप पुरती मिटत नाही. हे काम टाकीच्या दाबाखालचे आहे, ते प्रशिक्षित माणसाचेच. धरणांत उतरणाऱ्या पथकांची साधने तर दरवर्षी त्याच्याकडे गेली पाहिजेत. गोड्या पाण्यात गंज कमी असला तरी गाळ असतो, आणि उच्छ्वासाच्या पातळ रबराखाली रेतीचा एक कण अडकला की प्रत्येक श्वासाबरोबर पाणी तोंडात येते.

शाळेत टाकीशिवाय करता येण्याजोग्या चाचण्या दोन. पहिली : हवा आत येण्याचे तोंड बोटाने किंवा बुचाने बंद करा आणि मुखनळीला मोठी पिचकारी जोडून हवा ओढा. पडदा आत खेचला जाऊन तसाच राहिला तर पडदा आणि चोच शाबूत. हळूहळू परत आला तर कुठेतरी गळती आहे. डबी पाण्याच्या बादलीत न बुडवता, साबणाचा फेस लावून ती शोधावी. दुसरी चाचणी एकनळी रेग्युलेटरच्या तोंडाकडच्या डबीची. तिला नवी नळी लावून पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसरची हवा द्या. (ती हवा तेलकट असते, तोंडाने ओढायची नाही, आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.) मुखनळी, पिचकारी आणि पाण्याने भरलेली यू-नळी टी-जोडाने एकमेकांना जोडा. पिचकारी हळू ओढत जा आणि हवा सुटते त्या क्षणी यू-नळीतल्या दोन पातळ्यांमधला फरक पट्टीने मोजा. नीट लावलेल्या रेग्युलेटरला तो साधारण अडीच ते चार सेंटिमीटर असतो. घरच्या गॅसच्या रेग्युलेटरचे ३० सेंमी. आठवा, आणि विद्यार्थ्यांना विचारा की दोहोंतला फरक कोणत्या एका भागामुळे पडतो.

चाचणी झाल्यावर रेग्युलेटर कपाटात ठेवताना त्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधावी. तिच्यावर मॉडेल, अंदाजे वर्ष, बदललेले भाग, यू-नळीतले माप आणि तारीख लिहावी, आणि खाली लाल शाईने : ‘फक्त प्रात्यक्षिकासाठी. पाण्यात वापरू नये.’